'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक गुप्तहेर



'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध तुम्ही कधीतरी लिहिला असेल, नाहीतर तपासला तरी असेल. मी गेली सोळा-सतरा वर्षं तपासतोय. सुरुवात ठरलेली असते, 'चित्रपट हा समाजाचा आरसा आहे.' मग 'मागच्या रविवारी मी आईबाबांसोबत चित्रपटगृहात गेलो.' मग नायकाचं नाव, नायिकेचं नाव, गाणी श्रवणीय, आणि शेवटी 'या चित्रपटातून मला चांगला बोध मिळाला.' कोणता बोध, ते लिहिलेलं नसतं.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. माझ्या वर्गातल्या बहुतेक लेकरांनी चित्रपटगृहाचं दारही पाहिलेलं नाही. परभणीला जायचं म्हणजे एका माणसाचं येण्याजाण्याचं भाडं, वर तिकीट, आणि ते कोण देणार? सिनेमा पाहतात ते मोबाइलवर, तुकड्यातुकड्यानं, मोठ्या भावाच्या हातात मोबाइल असेल तेवढा वेळ. तरी पण निबंधात सगळे रविवारी चित्रपटगृहात जातात. यात लेकरांचा दोष नाही. हा निबंध त्यांना आपणच उतरवून दिलेला आहे. नमुना निबंध आपणच तयार करतो, फळ्यावर लिहितो, पाठ करून घेतो आणि मग म्हणतो, मुलांना स्वतःचं लिहिता येत नाही!

म्हणून यंदा ठरवलं की आधी सिनेमा, मग निबंध. आणि स्वतःवर एक अट घातली की सिनेमा मी सुद्धा पाहिलेला नसावा. मी आधी पाहिलेला असला की मला राहवत नाही. 'आता बघा हं, आता काय होतं ते' असं मधेमधे सुरू होतं आणि लेकरं पडद्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडं बघतात.

आता कोणता सिनेमा? मला विनोदी हवा होता आणि त्यात थोडं रहस्यही हवं होतं, कारण रहस्य असलं की शेवटच्या बाकावरचा पण जागा राहतो. मराठीतले बरेचसे त्यांनी पाहिलेले. हिंदीतले तीन तीन तासांचे. इंग्रजी म्हटलं की आमच्या सातवीचा चेहरा पडतो. खालची अक्षरं वाचेपर्यंत माणूस बोलून निघून जातो. मग डोक्यात आलं की मुका सिनेमा का नको? चार्ली चॅप्लिन सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या मिशीसकट. पण त्याच काळात हॉलिवूडमध्ये बस्टर कीटन नावाचा दुसरा एक नट होता. त्याचं मी फक्त नाव ऐकलं होतं. त्याचा 'शेरलॉक ज्युनिअर' हा १९२४ सालचा सिनेमा. म्हणजे हा सिनेमा निघाला तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. लांबी साधारण ४५ मिनिटं, आपल्या एका तासिकेपेक्षा थोडी जास्त. आणि विषय काय, तर एका गरीब पोराला गुप्तहेर व्हायचंय.

सहकारी म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी. आता हॉलिवूड तेवढं राहिलं होतं, तेही आणा!" मी म्हटलं, आणतो.

शनिवारची सकाळची शाळा. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही, पेनड्राइव्ह, खिडक्यांना सतरंज्या. पाचवी ते सातवी एका खोलीत, मिळून साठेक लेकरं. पहिल्या दोन मिनिटांतच ओरड सुरू झाली, "सर, आवाज बंद हाय." मी सांगितलं की आवाज नाहीच, त्या काळात सिनेमाला आवाज नव्हता. तेव्हा सिनेमा चालू असताना थिएटरात बाजूला बसून कुणीतरी वाद्य वाजवायचं. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' असाच मुका होता आणि त्यातही इंग्रजी-हिंदी पाट्या होत्या. इथल्या इंग्रजी पाट्या मी मोठ्यानं मराठीत वाचायचं कबूल केलं. पहिलीच पाटी अशी की एका वेळी दोन कामं करायला गेलं तर एकही धड होत नाही. मी वाचलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." वर्ग हसला आणि मला वाटलं, जमलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्यांना स्वतः पाहायचीय त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण खरं सांगायचं तर सांगून यातली गंमत कमी होत नाही. एका छोट्या गावातल्या थिएटरात एक पोरगा सिनेमाचं मशीन चालवतो आणि तोच झाडूही मारतो. फावल्या वेळात 'गुप्तहेर कसे व्हावे' असलं एक पुस्तक वाचतो. त्याचं एका मुलीवर प्रेम आहे. तिला चॉकलेटचा डबा द्यायचाय, तर खिशात एकच डॉलर उरलेला. तो एक डॉलरचाच डबा घेतो आणि त्यावरच्या किमतीत एकाचा चार करतो. (इथं वर्गात जे हसू फुटलं ते जरा वेगळं होतं. इंग्रजी एकाचा चार किती सहज होतो हे प्रगतिपुस्तक घरी नेणाऱ्या लेकरांना चांगलं ठाऊक असतं. दोघंतिघं एकमेकांकडं बघून गप्प झाले. मी न पाहिल्यासारखं केलं.) त्याच मुलीच्या मागे दुसराही एक आहे, मिशीवाला, छानछोकीत राहणारा, पण खिसा रिकामा. तो मुलीच्या वडलांचं खिशातलं घड्याळ चोरतो, चार डॉलरला गहाण टाकतो आणि त्यातून मोठा डबा आणतो. घड्याळ गेलं म्हणून घरात गोंधळ. आपला हिरो ऐटीत पुस्तक उघडतो. पहिला नियम काय? सगळ्यांची झडती घ्या. तेवढ्यात मिशीवाला गहाणाची पावती गुपचूप ह्याच्याच खिशात सरकवतो.

"सर, त्यानं टाकली! खिशात टाकली की त्यानं! सांगा की त्याला!" पाचवीतली पोरं उठून उभी राहिली. एक जण टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवून आला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपण जी रहस्यकथा वाचतो, बाबूराव अर्नाळकरांपासून ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपर्यंत, तिच्यात चोर कोण हे बहुतेक वेळा शेवटपर्यंत वाचकाला कळू देत नाहीत. इथं चोर आपल्याला पहिल्यापासून माहीत. माहीत नाही ते पडद्यावरच्या माणसांना. मला आधी वाटलं, मग रहस्य कुठं राहिलं? पण वर्गात बसून पाहिलं तेव्हा कळलं की उलट हेच जास्त जीवघेणं आहे. आपल्याला खरं माहीत असतं आणि सांगता येत नाही. साठ लेकरं ओरडून सांगतायत आणि तो मठ्ठ चेहऱ्यानं पुस्तक वाचतोय.

झडती होते. पावती त्याच्याच खिशात सापडते, चार डॉलरची. आणि डब्यावरची किंमतही चार डॉलर! त्यानंच केलेली! झालं, पुरावा पक्का. मुलीचा बाप त्याला घराबाहेर काढतो. तो बिचारा काहीच बोलत नाही. बस्टर कीटन सबंध सिनेमात एकदाही हसत नाही. 'दगडी चेहऱ्याचा' अशीच त्याची ख्याती होती. इथं तर तो नुसता टोपी घेऊन दाराकडं चालायला लागतो.

आणि लाइट गेली.

आमच्याकडं लाइट जाणं ही बातमी नाही. वीस मिनिटं अंधारात बसलो. लेकरं गप्प बसतात थोडीच? गहाणाची पावती म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. कुणीच विचारलं नाही. पेरणीच्या आधी आईचे दागिने सोनाराकडं जातात आणि कापूस विकला की परत येतात, हे आमच्या पाचवीलाही माहीत असतं. मी विचारलं, आता ह्यानं चोरी केली नाही, हे कसं सिद्ध होणार?

सातवीतला एक म्हणाला, "सीसीटीव्ही." दुसरा म्हणाला, "तवा कुठं होतं रं." तिसरा म्हणाला, "त्या मिशीवाल्याला दोन ठिवून द्यायच्या, आपोआप बोलतंय." हा उपाय बराच लोकप्रिय झाला. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं, जी वर्गात सहसा बोलत नाही, हळूच विचारलं, "सर, पावती ज्या दुकानाची हाय, त्या दुकानात जाऊन इचारलं तर? घड्याळ कोण ठिवलं म्हणून?"

बरोबर आहे, असं मी म्हटलं खरं. पण अंधार होता ते बरं झालं.

मित्रांनो, आता जे सांगतोय ते या सिनेमाशी जोडायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. शाळा दुसरी, तालुका दुसरा. वर्गातल्या एका मुलीची नवी कंपासपेटी मधल्या सुट्टीत हरवली. ती रडायला लागली. मी दार लावून घेतलं आणि सगळ्यांना दप्तरं बाकावर उपडी करायला लावली. आपण सगळेच करत आलोय हे. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या दप्तरात पेटी निघाली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा. दिवाळीनंतर आईवडलांबरोबर कारखान्यावर जायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. नुकताच परतला होता. मी त्याला आधीच विचारलं होतं की मधल्या सुट्टीत तू वर्गात आला होतास का, आणि तो भीतीनं 'नाही' म्हणाला होता. दुसऱ्या मुलांनी सांगितलं की आला होता, पाण्याची बाटली घ्यायला. एवढं एक खोटं मला पुरलं. चॉकलेटच्या डब्यावरचा तो चार पुरला तसंच.

वडलांना बोलावून घेतलं. ते शेतातून तसेच आले. मी सांगितलं आणि त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याच्या तोंडात मारली. मी आडवा गेलो नाही. गेलो, पण उशिरा. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. नंतर यायचा, मागे बसायचा. पुढच्या हंगामाला गेला तो परत आलाच नाही. पटावर नाव बरेच महिने राहिलं.

दुसऱ्या वर्षी त्याच वर्गातला एक जण मला गप्पांच्या ओघात सांगून गेला की पेटी दुसऱ्याच कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या दप्तरात टाकली होती. वर्गातल्या चार-पाच जणांना तेव्हाच माहीत होतं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाला, "तुम्ही इचारलंच नाही सर." खरंच विचारलं नव्हतं. मी झडती घेतली होती. सापडलं की संपलं, असं मला वाटलं होतं.

लाइट आली. सिनेमा पुढं सुरू झाला.

हिरो पुस्तकातला पुढचा नियम पाळतो, संशयिताचा जवळून पाठलाग करा. इतका जवळून की पुढचा माणूस जे पाऊल टाकेल तेच पाऊल त्याच्या मागे एका हातावर. (सोमवारी सगळ्या मैदानात पोरं अशीच चालत होती, मुख्याध्यापकांच्या मागेसुद्धा.) शेवटी तो मालगाडीच्या डब्यात कोंडला जातो, टपावरून पळतो, इंजिनात पाणी भरायच्या खांबाच्या सोंडेला लटकतो आणि वरून पाण्याचा लोंढा त्याला रुळावर आपटतो. मुलं हसली. मीही हसलो. नंतर वाचलं की त्या पडण्यात बस्टर कीटनच्या मानेचं हाड खरोखर मोडलं होतं. त्याला ते कळलंही नाही. डोकेदुखी सहन करत काम करत राहिला आणि काही वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरनं सांगितलं. लहानपणापासून आईवडलांबरोबर रंगमंचावर पडापडीची कामं करत वाढलेला माणूस. शाळा त्याच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. या सिनेमात मुलीच्या बापाचं काम करणारा नट म्हणजे त्याचा खरा बाप, जो कीटन. आपल्याकडं तमाशाच्या फडात अशी घराणी असतात, तसंच ते.

आणि इकडं हिरो रुळावर आपटत असताना ती मुलगी काय करते? सरळ गहाणाच्या दुकानात जाते आणि विचारते की घड्याळ कुणी ठेवलं. दुकानदार खरा माणूस कोण ते दाखवून देतो. संपलं रहस्य! सिनेमा जेमतेम अर्ध्यात, हिरोला पत्ताही नाही, आणि गुन्हा एका प्रश्नात सुटला.

आमच्या वर्गात जो दंगा झाला तो काय सांगू. खिडकीजवळच्या त्या मुलीकडं सगळे वळून बघायला लागले. "तू आधी पाह्यलता का गं?" असं दोघींनी तिला विचारलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

यापुढं सिनेमात जे होतं ते तर जादूच आहे. पोरगा थिएटरात परत येतो, मशीन चालू करतो आणि उभ्या उभ्या झोपतो. त्याच्यातून दुसरा तोच निघतो आणि चालत जाऊन पडद्यात शिरतो! सिनेमातल्या सिनेमात. पण पडद्यावरची दृश्यं तर बदलत राहणार. तो बाकावर बसायला जातो तर बाक गायब, रस्त्यावर पडतो. रस्ता गेला, कड्याच्या टोकावर उभा. कडा गेला, दोन सिंहांच्या मध्ये. मग वाळवंट, मग समुद्रातला खडक, आणि समुद्रात उडी मारावी तर डोकं बर्फात. संगणक नव्हता, काही नव्हतं. जमीन मोजणारे वापरतात तसल्या उपकरणांनी अंतरं मोजून, नटाला प्रत्येक ठिकाणी नेमक्या त्याच जागी उभं करून ही दृश्यं घेतली होती. सहावीला भूमितीत 'मोजायचं कशाला?' असं विचारणारे मला रोज भेटतात. त्यांना मी आता हा प्रसंग दाखवतो.

स्वप्नात तो जगातला सगळ्यात मोठा गुप्तहेर होतो. टेबलावरच्या चेंडूंचा खेळ, आपल्या कॅरमचा मोठा भाऊ समजा, त्यातल्या तेरा नंबरच्या चेंडूत स्फोटक भरलेलं. तो एकेक करून सगळे चेंडू घालवतो आणि तेराला धक्काही लागत नाही. चोर दाराआड कानात बोटं घालून बसलेले. मोटरसायकलच्या हँडलवर बसून तो सुसाट निघतो, चालवणारा मागच्या मागे पडून गेलेला, आणि ह्याला ते माहीतच नाही! पाहताना एक वेळ अशी आली की साठ लेकरं आणि मी एकाच क्षणी ओरडलो. इंग्रजी सिनेमा पाहताना असं कधीच होत नाही. तिथं ज्याला कळतं तो आधी हसतो आणि बाकीचे त्याच्याकडं बघून हसतात. मराठी माध्यमाच्या मुलाला मी ते बघून हसणं वर्षानुवर्षं करताना पाहिलंय. मुक्या सिनेमात कुणी कुणाच्या मागे राहत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शाळांत जगाचा सिनेमा दाखवायचा तर सुरुवात इथूनच करावी. डब केलेल्या मारधाडीपासून करू नये.

माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रकमधून मशीन उतरायचं, कनात लागायची, आणि मशीन चालवणारा माणूस आम्हाला देवासारखा वाटायचा. तो पण दिवसा झाडतच असायचा. अशा फिरत्या सिनेमावाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा एक माहितीपट २०१६ मध्ये आलाय, महाराष्ट्रातल्याच लोकांचा. मोठ्यांनी जरूर पाहावा.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. सिनेमात ज्या मुलीनं चोरी शोधली तिला नावच नाही, नुसती 'मुलगी'. शेवटी तीच हिरोच्या मशीनच्या खोलीत येते आणि वडलांची चूक झाली म्हणून माफी मागते. आणि हिरो पुढं काय बोलावं ते पडद्यावरच्या नटाकडं बघून शिकत बसतो. स्वप्नातल्या गुप्तहेरगिरीला अर्धा सिनेमा, आणि खऱ्या शोधाला एखादं मिनिट. मला हे पाहताना खटकलं नव्हतं. सातवीच्या एका वहीत वाचलं तेव्हा खटकलं. तिनं लिहिलं होतं की चोर तिनं शोधला आणि सिनेमाचं नाव मात्र त्याचं. निबंधात 'बोध' हा शब्द कुठंच नव्हता. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी तिला दहापैकी नऊ दिले. सहकाऱ्यांना ते जास्त वाटले. तुम्हालाही वाटतील कदाचित.

दुसऱ्या एका वहीत पाचवीतल्या मुलानं फक्त सिंहांबद्दल लिहिलंय, पानभर. दोन वह्यांत 'चित्रपट हा समाजाचा आरसा आहे' आलंच. चालायचंच.

आता झडतीबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला बंदी आहे. आपण छडी टाकून दिली, बहुतेकांनी तरी. पण दार लावून साठ दप्तरं उपडी करायची, सगळ्यांसमोर एकाचं नाव घ्यायचं, हे आपल्याला अजून शिस्तच वाटते. 'मग हरवलेली वस्तू शोधायची कशी?' असं मला एका शिक्षक मैत्रिणीनं विचारलं आणि तो प्रश्न खोटा नाही. ज्याची वस्तू जाते त्याचाही बाप गरीबच असतो. मी सध्या असं करतो की पहिल्या दिवशी काहीच शोधत नाही. वस्तू हरवल्याचं सांगतो आणि कोपऱ्यात एक खोकं ठेवतो. सापडली तर कुणीही त्यात टाकावी, कुणी विचारणार नाही. मग एकेकट्याला, सहज, वेगवेगळ्या वेळी विचारतो. पुष्कळदा वस्तू खोक्यात येते. दोनदा आली नाही, तेव्हा शिक्षकांनी मिळून नवी घेऊन दिली. पन्नास-साठ रुपयांचा प्रश्न होता. आणि दप्तरात वस्तू सापडली म्हणजे ती तिथं कशी आली ते कळलं, असं मी आता धरत नाही.

सोमवारी मी वर्गाला ती जुनी गोष्ट सांगितली. नावं, गाव काही सांगितलं नाही. सांगावी की नाही अशी धाकधूक होती. शिक्षकाची चूक वर्गात उघडी करू नये असं आपल्याला डीएडला शिकवलेलं नसलं तरी आपण तसंच वागतो. लेकरं शांत ऐकत होती. मग मागून एकानं विचारलं, "सर, मंग तुम्ही त्याला सॉरी म्हणलात का?"

मी सांगितलं, त्याला नाही. त्याच्या वडलांना एकदा आठवडी बाजारात गाठून सांगितलं होतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "जाऊ द्या गुर्जी. आता कशाला." मुलगा कुठं आहे विचारलं तर म्हणाले, कारखान्यावर, ट्रॅक्टरवर आहे. लगीन झालं.

"मंग नंबर घ्यायचा की सर," तोच मुलगा म्हणाला.

ज्या शिक्षकांना हा सिनेमा दाखवायचा असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा हा सिनेमा दाखवायला अडचण नाही. अलीकडं जोडलेल्या संगीताचा हक्क मात्र वेगळा असू शकतो. मी आवाज बंदच ठेवला आणि मुलांनीच डबे वाजवले. पाट्या आधी एकदा मराठीत लिहून ठेवा, मी ऐनवेळी दोन ठिकाणी अडखळलो. गहाणाच्या पावतीनंतर, हिरोला घराबाहेर काढतात तिथं, लाइट गेली नाही तरी सिनेमा थांबवा आणि विचारा की आता कसं शोधायचं. निबंध त्याच दिवशी लिहून घेऊ नका, दोन दिवस जाऊ द्या. आणि फळ्यावर सुरुवातीचं वाक्य देऊ नका.

पुढच्या महिन्यात बस्टर कीटनचाच दुसरा एखादा दाखवायचा विचार आहे. तोही मी पाहिलेला नाही. शनिवार ठरलाय, लाइट राहिली तर.